लाल कळ दबली नाही

मित्रांनो, मला उचलण्याआधी हात पुसून घ्या आणि माझी लाल कळ उगाच दाबून पाहू नका. एवढे ऐकलेत, तर बाकीचे सगळे मी आपणहून सांगतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आता मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो, पण एके काळी मी समुद्र ओलांडून शिकायला गेलो होतो. म्हणजे शिकायला आमच्या घरातली ताई गेली होती. मी तिच्याबरोबर वर्गात बसत होतो. दोघांत खरे कोण शिकले, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी माझी चाके बसवली, कुणी तारा जोडल्या, कुणी झाकण लावले. शेवटच्या टेबलाशी बसलेल्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. माझ्यात कॅसेट घालून लाल कळ दाबताच ती बाई नेमकी खोकली, आणि तोच खोकला तिने माझ्याकडून परत वाजवून घेतला. "बोलतोय," असे म्हणून तिने मला खोक्यात ठेवले. या जगात मी पहिल्यांदा जे बोललो, तो एक खोकला होता.

माझ्या पोटात काय आहे, तेही आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या पोटात दोन डोकी आहेत. हसू नका, त्यांना डोकीच म्हणतात. एक डोके पुसते आणि दुसरे लिहिते व वाचते. लाल कळ दाबली की कॅसेटमधली फीत आधी पुसणाऱ्या डोक्यावरून जाते. तिच्यावरचा जुना आवाज कायमचा निघून जातो आणि मग त्या जागी नवा आवाज बसतो. काय पुसायचे, हे मी ठरवत नाही. ते तुमचे बोट ठरवते.

शिवाय माझ्या आत एक बारीकसे लोखंडी बोटही आहे. प्रत्येक कॅसेटच्या पाठच्या कडेला, दोन कोपऱ्यांत, नखाएवढे दोन प्लॅस्टिकचे तुकडे असतात. एका बाजूसाठी एक. माझे बोट तो तुकडा चाचपून बघते. तुकडा जागेवर असेल तर लाल कळ खाली जाते. तुकडा मोडलेला असेल तर माझे बोट त्या खड्ड्यात शिरते आणि लाल कळ धरून ठेवते. मग कुणी कितीही जोर लावला तरी काही पुसले जात नाही. एखादा आवाज जपून ठेवायचा असला की माणसे तो तुकडा मुद्दाम मोडतात. हे लक्षात ठेवा. पुढे सगळे याच बोटावर येऊन ठेपणार आहे.

मी ज्या घरात आलो, तिथले बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान लहान आणि बाबांचे बोलणे त्याहून लहान. गिऱ्हाइकाने काय बिघडले ते कितीही रंगवून सांगितले, तरी बाबा "बघतो" एवढेच म्हणत. बोलण्याचे सगळे काम आईकडे होते. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला ताई म्हणायचा, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. आई मात्र तिला ठकी म्हणायची. ती अठरा वर्षांची झाली तरी ठकीच, आणि पूल बांधण्याचे शास्त्र शिकायला तिला परदेशी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली तरीही ठकीच.

निघायच्या दिवशी बाबांनी मला मऊ फडक्यात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवले. "तिकडे भराभर बोलतात म्हणे," ते म्हणाले. "हा दोनदा ऐकवेल."

बाबांच्या मानाने ते भाषणच होते.

"आणि याच्यावर काही सांडू नकोस," आई म्हणाली. "आणि वेळेवर जेव. आणि सगळ्या गोष्टी मनात ठेवत बसू नकोस, ठके. तुझी ती खोड मला ठाऊक आहे."

तिथला वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता. बाके एकाखाली एक उतरत जात आणि सगळ्यात खाली फळा होता. शिकवणाऱ्या प्राध्यापिका सडपातळ, ताठ आणि अतिशय टोकदार प्रश्न विचारणाऱ्या होत्या. ताईने मनातल्या मनात त्यांचे नाव टाचणीबाई ठेवले. पहिल्याच दिवशी तिने मला पुढे करून, जमेल तशा तिथल्या भाषेत, मला वर्गात चालू ठेवण्याची परवानगी मागितली.

टाचणीबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "परवानगी आहे. पण हे यंत्र तुमच्याऐवजी परीक्षेला बसणार नाही."

ताईने मान खाली घालून आभार मानले. मला मात्र छाती फुगल्यासारखे वाटले. मी पहिल्या बाकावर बसलो होतो.

रोज असे चाले. तास सुरू झाला की ताई माझ्यात कोरी कॅसेट घालायची, लाल कळ दाबायची आणि सुटकेचा श्वास सोडायची. मग तिचे डोळे फळ्याकडे नसत, माझ्याकडे असत. फीत नीट फिरते आहे ना, बाजू संपत तर आली नाही ना, मागचा मुलगा खोकला त्यात फळ्याजवळून आलेला शब्द बुडाला नाही ना. टाचणीबाई बोलत असत आणि ती त्यांच्या शब्दांची राखण करत बसे. ऐकायचे सगळे संध्याकाळसाठी ठेवलेले असायचे.

आणि संध्याकाळ अपुरी पडायची. तिची खोली अरुंद होती, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून गेलेले नळ. टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जाडजूड शब्दकोश. एक वाक्य ऐकायचे, मला थांबवायचे, शब्द शोधायचा, फीत मागे घ्यायची, पुन्हा ऐकायचे. वर्गात घटकाभरात होऊन गेलेली गोष्ट इथे संपता संपत नसे. तोवर दुसऱ्या दिवशीचा तास येऊन ठेपे. न ऐकलेल्या कॅसेटींचा ढीग खिडकीच्या कट्ट्यावर चढत गेला. ताई त्याच्याकडे बघायचे टाळू लागली.

मित्रांनो, मी त्या फितींवर एक गोष्ट ऐकत होतो, जी ताईच्या ध्यानात येत नव्हती. टाचणीबाई प्रश्न विचारत आणि मग गप्प राहत. बराच वेळ. कुणीतरी बोलेपर्यंत. वर्गातली इतर मुले चुकीचे का होईना, पण बोलत. माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा बसे. तोही दूरच्या देशातून आला होता आणि वर्गातही गळ्यातला मफलर सोडत नसे, म्हणून ताई त्याला मफलर म्हणे. त्याची भाषा ताईपेक्षाही मोडकी, पण तो दर दोन मिनिटांनी हात वर करायचा. ताईचा आवाज मात्र माझ्या एकाही फितीवर नव्हता. घरी तिला शिकवले होते की मोठे बोलत असताना मध्ये तोंड उघडायचे नाही. इथे तेच तिला नडत होते, आणि ते तिला कुणी सांगत नव्हते.

मग सहामाही तोंडी परीक्षा झाली. मी तिच्या पिशवीत होतो, बंद. टाचणीबाईंनी प्रश्न विचारला. ताई गप्प. त्यांनी दुसरा विचारला. ताई गप्प. उत्तर तिच्या मनात होते, मला खात्री आहे. ती त्याचे वाक्य जुळवत होती, शब्द मागेपुढे करत होती, चूक काढून टाकत होती. वाक्य तयार होईपर्यंत तिसरा प्रश्न आला.

"येत नसेल तर येत नाही म्हणा," टाचणीबाई म्हणाल्या. "येत असेल तर बोला. तुमच्या गप्प बसण्याला मी गुण कसे देऊ?"

गुण मिळाले नाहीत. बाहेरच्या सूचनाफलकाशी उभे राहून ताईने नियम पुन्हा पुन्हा वाचला, आणि मफलरने तो तिला सोपा करून सांगितला. "वर्षाच्या शेवटी अजून एक तोंडी. त्यातही नापास झालीस तर शिष्यवृत्ती बंद."

"आणि मग?"

"मग काय. परतीचं विमान."

त्या दिवसापासून माझी बटणे ती जोरात दाबू लागली. तिच्या बोटांना घाम असायचा. तिने आणखी कॅसेटी आणल्या, आणखी तास माझ्यात भरले, जणू माझे पोट भरले की तिचे डोके भरणार होते. टाचणीबाई मात्र मुद्दाम प्रश्न विचारून तिच्याकडे बघत आणि थांबत. ती थांबलेली वेळ वर्गात फार मोठी वाटायची. मागून कुणीतरी खुर्ची सरकवायचे. ताई माझ्याकडे बघायची. आणि मी गोल गोल फिरत ती शांतताच लिहून घ्यायचो.

अशातच घरून एक कॅसेट आली. गावाकडून तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी ती सामानातून आणली होती. ताईने ती माझ्यात घातली, आणि त्या अरुंद खोलीत आईचा आवाज उमटला.

"ठके, आई बोलतेय. ऐकू येतंय ना?" मग शांतता. फीत नुसतीच सरकत राहिली. मग आई म्हणाली, "बरं. जेवलीस का?" पुन्हा तेवढीच शांतता. "बरं."

मागून धाकट्याचा आवाज आला. "आई, थांबू नकोस ना मध्ये. हा काय फोन आहे का? ताई नाहीये त्यात. फीत फुकट चाललीये."

"तू गप रे. ती बोलत असेल तिकडे."

"अगं, पण तुला ऐकू येणार आहे का?"

"मला ऐकू आलं नाही म्हणून तिनं बोलूच नये होय? मी विचारलंय, तर उत्तर द्यायला जागा नको का?"

ताई हसली. त्या खोलीत ती हसल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. पुढे बाबांचाही आवाज होता. "बरं आहे सगळं," असे म्हणून ते संपले. मग आत्याने गाणे म्हणायचे कबूल करून ऐन वेळी घसा बसल्याचे सांगितले, धाकट्याने तिची नक्कल केली आणि कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातल्याचा आवाज आला.

दुसऱ्यांदा कॅसेट लावली तेव्हा आईने विचारले, "जेवलीस का?" आणि ताई त्या शांततेत हळूच म्हणाली, "जेवले गं." आई म्हणाली, "बरं."

ते इतके बरोबर जुळले, की ताई दचकली. मग ती रोज संध्याकाळी आईला उत्तरे देऊ लागली. खोटी नाही, खरी. "अभ्यास जमतोय ना?" "नाही जमत, आई." "बरं." आईच्या त्या 'बरं'मध्ये कुठलेही उत्तर मावत असे.

आता मी त्या दिवसापाशी येतो, जो आठवला की अजूनही माझी चाके अडखळतात.

वार्षिक तोंडी परीक्षेआधीचा शेवटचा तास होता. टाचणीबाई त्या एका तासात वर्षभराचे सगळे पुन्हा मांडणार होत्या. सकाळी ताईने कट्ट्यावरच्या कॅसेटी उलथ्यापालथ्या केल्या. एकही कोरी नव्हती. काही ऐकायच्या राहिल्या होत्या, आणि ऐकून झालेल्या परीक्षेसाठी हव्या होत्या. कॅसेटींचे दुकान अजून उघडले नव्हते. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, आणि मग तिने घरून आलेली कॅसेट उचलली.

"पाठच आहे मला सगळी," ती स्वतःशीच म्हणाली.

मी काय करू शकत होतो? मी यंत्र आहे. माझ्यात कॅसेट घातली की ती माझ्यात बसते. वर्गात जाईपर्यंत पिशवीच्या अंधारात माझ्या पुसणाऱ्या डोक्यासमोर आईचा आवाज होता. एक कळ दाबायचा अवकाश, की "ठके, ऐकू येतंय ना?" कायमचे गेले असते.

टाचणीबाईंनी खडू उचलला. ताईने लाल कळ दाबली.

कळ खाली गेली नाही.

तिने पुन्हा दाबली. अंगठ्याने दाबली. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. फळ्यावर पहिली आकृती काढून झाली होती. माझ्या लोखंडी बोटाला खड्डा सापडला होता आणि ते तिथे घट्ट उभे होते. ताईने घाईघाईने झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली आणि तिची पाठची कडा बघितली. दोन्ही कोपऱ्यांतले तुकडे मोडलेले होते. वेडेवाकडे नाहीत, पेचकसाच्या टोकाने, नीट, कडा गुळगुळीत ठेवून. असे काम कोण करते, हे तिला बघताक्षणी कळले. "बरं आहे सगळं" एवढेच बोलून थांबलेल्या माणसाने उरलेले हाताने केले होते.

रेडिओच्या दुकानात वाढलेल्या मुलीला तुकड्यांचे हे आधीच सुचायला नको होते का? हवे होते. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्टही वेळेवर आठवत नाही. तिची सगळी अडचण तीच तर होती.

मफलर बाजूने वाकून बघत होता. त्याने कंपासपेटीतून चिकटपट्टीची गुंडाळी काढून तिच्यापुढे सरकवली. "खड्ड्यावर लाव," तो कुजबुजला. "चालेल मग. मी करतो नेहमी."

खरे होते ते. खड्डा झाकला की माझे बोट फसते. ताईने पट्टीचा तुकडा फाडला आणि कोपऱ्यावर धरला. तिच्या बोटांच्या आणि त्या खड्ड्याच्या मध्ये केसभर अंतर होते. मी उघड्या झाकणाने वाट बघत होतो.

तेवढ्यात टाचणीबाई वळल्या. "पुलाचं एक टोक घट्ट बसवतात. दुसरं गोल फिरत्या रुळांवर मोकळं ठेवतात. का?" त्यांची नजर ताईवर येऊन थांबली. "यंत्राला काय झालं?"

"चालत नाही," ताई म्हणाली.

"तुमचे कान चालताहेत ना?"

वर्गात कुणीतरी हसले. मग टाचणीबाई गप्प राहिल्या. ती नेहमीची शांतता. पण या वेळी ती लिहून घ्यायला मी चालू नव्हतो. ती सगळीच्या सगळी ताईसमोर होती.

ताईने चिकटपट्टी कॅसेटवरून दूर नेली, तिची गोळी केली आणि बाकाच्या कडेला ठेवली.

"वजन वाटून घ्यायला," ती म्हणाली.

"चूक."

ताईचे कान लाल झाले. पण टाचणीबाई दुसऱ्या कुणाकडे वळल्या नाहीत. "वजन दोन्ही टोकं घेतात. मग मोकळं टोक कशाला?" आणि त्या पुन्हा थांबल्या.

"आमच्या घरी," ताईने सुरुवात केली. तिचे व्याकरण वाटेत सांडत होते, पण ती थांबली नाही. "बरणीचं झाकण, लोखंडाचं. अडकलं की आई गरम पाण्यात धरते. ते वाढतं. मग सुटतं. पूलपण उन्हात वाढत असेल. लांब आहे, म्हणजे जास्त वाढेल. त्याला सरकायला जागा पाहिजे. नाही दिली तर..." तिला शब्द सापडेना. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून वर वाकवून दाखवले.

वर्ग हसला. टाचणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर बरणी काढली, तिच्या शेजारी पूल काढला आणि म्हणाल्या, "बरोबर. वर्षभर कुठे होतात?"

त्या तासाला तिने अजून तीनचार वेळा तोंड उघडले. एकदा बरोबर, बाकीच्या वेळी चूक. पण प्रत्येक चुकीनंतर तिला आपण कुठे अडलो ते कळत होते, आणि ते मी तिला वर्षभरात कधीच दाखवू शकलो नव्हतो.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी पुन्हा पिशवीत होतो, दाराजवळच्या खुर्चीवर. त्याच खोलीत समोर तिघे परीक्षक होते. पहिल्या प्रश्नाला ताई बोलली. दुसऱ्याला अडखळत बोलली. तिसरा प्रश्न टाचणीबाईंनी विचारला, आणि खोली शांत झाली. मला त्या शांततेची ओळख होती. सहामाहीला ती अशीच सुरू झाली होती. कुणाचे तरी पेन टेबलावर टकटक करू लागले. मला वाटले, संपले.

"येत नाही," ताई म्हणाली. मग तिने श्वास घेतला. "पण विचार करू का? मोठ्याने?"

पेन थांबले. "करा," टाचणीबाई म्हणाल्या.

तिने मोठ्याने विचार केला. दोनदा वाट चुकली, एकदा स्वतःच मागे आली. शेवटी पूर्ण उत्तर आले नाहीच. अर्ध्याच्या थोडे पुढपर्यंत आले. तिला बाहेर थांबायला सांगितले, आणि मी पिशवीसकट तिच्या मांडीवर आलो. दार उघडायला जो वेळ लागला, तेवढी लांब फीत अजून कुणी बनवलेली नाही.

टाचणीबाई स्वतः बाहेर आल्या. "पास," त्या म्हणाल्या. "काठावर. पुढच्या वर्षी पहिल्या बाकावरच बसा. यंत्राशिवाय."

संध्याकाळी ताई कोरी कॅसेट घेऊन आली. तिने लाल कळ दाबली आणि माझ्या जाळीजवळ तोंड आणून म्हणाली, "आई, ठकी बोलतेय. ऐकू येतंय ना?" आणि मग, मित्रांनो, ती थांबली. फीत नुसतीच सरकत राहिली. "बरं," ताई म्हणाली, आणि पुढे सांगू लागली. बाबांसाठी तिने एकच वाक्य बोलून ठेवले. "बाबा, तुकडे बघितले."

पुढच्या वर्षी मी खोलीतच राहिलो. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. मग मी तिच्याबरोबर परत आलो. ताई पूल बांधू लागली, नवी यंत्रे आली आणि मला फळीवर ठेवण्यात आले. ठेवताना माझे सेल काढायचे राहून गेले. सेल आतल्या आत फुटतात, मित्रांनो. त्यांचे पाणी माझ्या पितळी पट्ट्यांवर उतरले आणि मी मुका झालो. बाबांनी म्हाताऱ्या हातांनी पट्ट्या घासल्या, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याचे सेल काढून ठेवा, अधूनमधून त्याची चाके फिरवा, डोक्यांवरची धूळ कापसाने टिपा. आणि आम्ही ऐकतो आहोत म्हणून तुमचे कान मिटून घेऊ नका. आम्ही आवाज सांभाळू शकतो. उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

परवा ताईने मला खाली काढले. तिची लहान मुलगी शेजारी बसली होती. आपल्या आजीला तिने कधी पाहिलेले नाही. ताईने ती जुनी कॅसेट घातली, आणि माझ्यातून आवाज आला, थोडा घोगरा, पण आईचाच. "ठके, आई बोलतेय. ऐकू येतंय ना?... बरं. जेवलीस का?"

मग शांतता आली. मुलीने ताईकडे बघितले. ताई नुसती थांबली.

"जेवले, आजी," मुलगी म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.